इंग्लंडवाल्याकडून शिकलेला सूड

श्रावण लागला की माझ्या अंगात कली संचारतो. एरवी मी तशी बरी बाई आहे, विचारा कुणालाही. सुरतेत, उधन्यातल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवते, मुलांवर हात उचलत नाही, रिक्षावाल्याशी घासाघीस करत नाही. पण नागपंचमी जवळ आली, गल्ल्यांतून चुन्याचा ओला, नाकात चढणारा वास यायला लागला, दारादारांत बायका भांड्यांचे ढीग घेऊन घासायला बसल्या, की माझं डोकं फिरतं. कानबाई येणार असते ना. आम्हा खानदेशी माणसांची कानबाई, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसणारी. लूम चालवायला सुरतेत आलेल्या आमच्या लोकांनी गावाकडून दुसरं काही आणलं नसेल, पण कानबाई आणली. तिच्यासाठी घर झाडायचं, धुवायचं, भिंतींना चुना द्यायचा. त्या वासाने बाकीच्यांना सण आठवतो. मला आबा आठवतात, आणि त्यांचं काय करू नि काय नको असं होतं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ऐंशी ओलांडली, अजून ठणठणीत आहेत. वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे कळतं मला. श्रावणावर लिहायचं तर लोक ऊनपावसाचं लिहितात, हिरवळीचं लिहितात. आमच्या बमरोलीत हिरवं काय असेल तर खाडीचं पाणी, तेही डाइंगवाल्यांनी त्या दिवशी हिरवा रंग सोडला असेल तर. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा. तेव्हा माझ्या श्रावणात राग आहे, तो लिहिते.

पण आधी इंग्लंडवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण सूड घ्यायचा कसा, हे मी त्याच्याकडून शिकले.

चित्रकलेच्या डिप्लोमाला होते तेव्हा. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक होतं, पुठ्ठा निखळलेला, पुढची पानं फाटलेली. त्यामुळे चित्रकाराचं नाव कळायला मार्ग नव्हता. पुढे केव्हातरी कळलं, पण तोवर आमच्या खोलीत त्याचं बारसं होऊन गेलं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, त्याला ‘तुना इंग्लंडवाला’ म्हणायचे, तेच चिकटलं. माझं इंग्रजी यथातथाच. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ सोडवत मी त्याचं आयुष्य वाचून काढलं, आणि वाचता वाचता मायला सांगत गेले. माय तेव्हा होती. कारखान्यातून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत ती दारात बसलेली असायची, हातात बोटभर कात्री, मांडीवर शेठच्या साड्यांची रास.

हा माणूस आपल्याच काळातला, म्हणजे मोटारी, रेडिओ, सगळं बघितलेला. कापडगिरण्यांच्या गावात जन्मला. बाप गिरणीत सुताचे गठ्ठे ओढायचा. लहानपणी तापाने खिडकीशी पडून असताना त्याला गिरणीच्या धुराड्यावर एक देवदूत बसलेला दिसला. पोरगं घाबरलं नाही, कारण देवदूत दमलेला होता आणि त्याने पायातले बूट काढून शेजारी ठेवले होते. त्यानंतर ते दिसणं कधी थांबलं नाही. आयुष्यभर त्याने गाव सोडलं नाही, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं, आणि राहिलेल्या वेळात स्वर्ग, नरक, प्रलय, सगळं आपल्याच गल्लीत घडवलं. त्याच्या चित्रात जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेली माणसं उठतात ती गिरणीच्या फाटकासमोर उठतात. एकजण कोटावरची माती झटकतो आहे. एक म्हातारी पुन्हा कबरीत वाकून आपला चष्मा शोधते आहे. देव आहे, पण तो बाजूला एका खोक्यावर बसलाय, पाळी बदलायची वाट बघणाऱ्या मुकादमासारखा. मी ते पान मायपुढे धरलं. तिने कात्री खाली ठेवली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “ह्या त आपली गल्लीन्या बाया शेतस.” कलेवर मी पुढे पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

त्याची बायको लवकर गेली. गावच्या चर्चने वेदीमागे लावायला चित्र मागितलं, तेव्हा त्याने बायकोला देवाच्या अगदी लगत बसवलं, कपडे धुवायच्या ओल्या एप्रनसकट, बाह्या वर सारलेल्या. चर्चच्या कारभाऱ्याला ते खपेना. धोबिणीला तिथे बसवायचं म्हणजे काय! त्याने चित्रावर हिरवा पडदा टाकला आणि तो कधी उघडू दिला नाही. इंग्लंडवाला भांडला नाही, कोर्टात गेला नाही. घरी आला आणि कामाला लागला. त्या दिवसापासून म्हातारपणापर्यंत तो कारभारी त्याच्या प्रत्येक चित्रात आहे. प्रलयाचं पाणी चढतंय आणि हा नावेच्या दाराशी आपलं नाव यादीत शोधतोय. स्वर्गाच्या फाटकाशी हा आहे, पण चुकीच्या रांगेत, आणि त्याला ते कुणी सांगत नाही. सगळे उठले, याचा पाय कबरीत अडकलाय. चेहरा इतका हुबेहूब की गावात कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

जाणकार लोक त्याला द्रष्टा म्हणतात. त्याला अदृश्य दिसायचं, असं म्हणतात. दिसत असेल, मी नाही कुठे म्हणते? मला मात्र तो आवडतो तो डूख धरणारा माणूस म्हणून. देवदूत कुणीही काढेल हो. एका माणसावर तीस-चाळीस वर्षं न कंटाळता राग धरायचा आणि दर वेळी त्याचं नाक बरोबर काढायचं, याला साधना लागते.

तर ते वर्ष. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत, गल्लीतले लोक पतंगाच्या दोऱ्याला गुलाबी रंग चोपडत होते तेव्हा, माय कावीळ होऊन गेली. आठ दिवसांचं दुखणं. अखेरच्या दिवसापर्यंत उशाशी साड्या होत्या, आणि ती गेल्यावर कारखान्याचा माणूस येऊन त्या मोजून घेऊन गेला. नाना कामावर जात होते, येत होते, जेवत होते. बोलणं मात्र जवळपास थांबलं. लूमवर काम करणारी माणसं तशीही मोठ्यानेच बोलतात, किंवा मग बोलतच नाहीत. नाना दुसऱ्या प्रकारात गेले.

आबांना हे बघवेना, म्हणजे आबांच्या भाषेत बघवेना. घरात बाईमाणूस नाही, कानबाईचं कोण करणार, पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, याची त्यांना घोर काळजी. मायने त्यांच्या घरातल्या कानबाईचं सगळं वीस वर्षं केलं होतं. दळण, सारवण, गाणी, उपास, सगळं. कानबाई बसायची आबांच्या घरी, कारण थोरलं घर ते. राबायची माय. ती गेल्याला सहा महिने झाले नाहीत तोवर आबा नानांसाठी स्थळं बघायला लागले. श्रावणाच्या तोंडावर शिरपूरकडचं एक स्थळ त्यांनी पक्कं करत आणलं आणि बोलणी करायला स्वतः गावाकडे गेले.

दरवर्षी कानबाईच्या मागची भिंत मी रंगवायची. ताज्या चुन्यावर मोर, वेल, कलश, ठरलेलं असायचं. त्या वर्षी आबा गावाला गेले आणि ती भिंत चार दिवस माझ्या एकटीच्या ताब्यात आली. मोर काढायला हात उठेना. मी इंग्लंडवाल्याला स्मरले आणि बमरोली काढायला घेतली. आमची गल्ली, पत्रे, खाडी, नळावरच्या घागरी, लूमचे कारखाने. आणि त्यातून आमची मेलेली माणसं उठताहेत. शेजारचे भिकाभाऊ, ज्यांना कारखान्यात शॉक बसला होता, ते लूमखालून बाहेर येऊन कपाळावरचा घाम पुसताहेत. समोरची आजी आपली तपकिरीची डबी शोधते आहे. मधोमध आमच्या दारात माय बसली आहे, मांडीवर साडी, हातात कात्री, मान वर करून सरळ बघणारी. कानबाई तिच्या शेजारी येऊन बसलीय, आणि साडीचं दुसरं टोक धरून ताणून देते आहे, धागा नीट दिसावा म्हणून.

नाना पाळी संपवून आले की समोर येऊन बसायचे. लूमच्या आवाजासाठी कानात घातलेला कापूस तसाच. पहिले दोन दिवस एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी मायचा चेहरा करत होते. नाक जमलं होतं, कपाळ जमलं होतं, तरी काहीतरी राहत होतं. नाना उठले, भिंतीपाशी आले आणि हळूच म्हणाले, “तिना कानमांगे तीळ व्हता.” मला हे माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या बाईच्या कुशीत वाढले, तिची वेणी घातली, आणि मला माहीत नव्हतं. कुठल्या कानामागे, ते त्यांनी बोटाने दाखवलं. मी तीळ दिला. माय भिंतीवर आली. हात जोडून सांगते, त्यानंतर आयुष्यात मला तसा चेहरा पुन्हा जमलेला नाही.

शनिवारी आबा परतले, खूश होते. मुलीकडचे लोक रविवारी कानबाईच्या दर्शनाच्या निमित्ताने घर बघायला येणार होते. घाईत त्यांनी भिंतीकडे धड पाहिलंही नाही, कारण त्या वेळी गहू मोजायची वेळ झाली होती. हे आमच्याकडचं महत्त्वाचं काम. कानबाईच्या रोटांसाठी गहू निघतात ते भाऊबंदांतल्या पुरुषांच्या नावाने, प्रत्येकाची सव्वा मूठ. आबा नाव पुकारणार, ज्याचं नाव तो पुढे येऊन परातीत मूठ टाकणार. तान्ह्या मुलाचीही मूठ असते, त्याचा बाप टाकतो. पुढे ते रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आम्ही बायकांनी ते गहू निवडायचे, दळायचे, थापायचे, भाजायचे. नावाने मोजलं जायचं नाही.

आबांनी नानांचं नाव घेतलं. नानांनी मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली, मागे सरकले. आणि मी पुढे झाले. आधी ठरवलं नव्हतं, खरं सांगते. टोपलीत हात घातला, मूठ भरली आणि परातीत सोडली. म्हटलं, “ही मायनी मूठ.”

पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा चिडले नाहीत, ते चिडत नाहीत कधी, हीच तर त्यांची खोड. शाळेतल्या मुलाला पाढा सांगावा तसं म्हणाले, “बायास्नी मूठ ऱ्हात नही.” आता पंचाईत अशी की गव्हात गहू पडला होता. मायचे दाणे कोणते आणि आबांचे कोणते, ते कानबाईलाही सांगता आलं नसतं. आबांनी दोन मिनिटं विचार केला आणि सगळी परात चिमण्यांना टाकायला लावली. पुन्हा पहिल्यापासून नावं. पुन्हा सगळ्यांच्या मुठी. नानांचं नाव आलं. नाना उठले आणि त्यांनी दुसऱ्यांदा आपली सव्वा मूठ टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मुठी संपल्यावर आबांना भिंत दिसली.

 रविवारी सकाळी त्यांनी मला चुलतवहिनीबरोबर उधन्याला पाठवलं, फुलं, नारळ, विड्याची पानं आणायला. नारळ पंचवीस पारखून घे म्हणाले, म्हणजे वेळ लागावा. आम्ही दोन तासांनी परतलो. भिंत पांढरी होती. ओली होती, खालच्या बाजूने चुन्याचे ओघळ अजून सुटत होते. समोर चौरंग मांडून झाला होता. माय नाही, भिकाभाऊ नाहीत, आजी नाही, आमची अख्खी बमरोली नाही. नव्या सोयरिकीच्या माणसांनी आल्या आल्या मेलेल्या बायकोचं तोंड बघायचं का, असं आबांचं म्हणणं, ते मला वहिनीने सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली फुलं मी चौरंगावर ठेवली, आणि मनातल्या मनात आबांना म्हटलं, थांबा. भिंत होती म्हणून पुसलीत. आता तुम्हाला अशा ठिकाणी नेऊन बसवते की कुणाच्या बापाला पुसता येणार नाही.

मुलीकडचे आले, जेवले, पांढऱ्या भिंतीचं कौतुक करून गेले. आठवड्याने निरोप आला की माणूस भला आहे, पण अजिबात बोलत नाही, आमच्या मुलीने दिवस कसे काढायचे. स्थळ मोडलं. पुढे आली त्यांना नानांनी होकाराची मान हलवली नाही. म्हणजे भिंत पुसली ती पुसली, त्यातून काही साधलंही नाही. मला याचाच जास्त राग येतो.

मग मी आबांना काढायला लागले. पहिलं चित्र त्याच दिवाळीतलं. कानबाई कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या टेम्पोत बसून सुरतेत येते आहे आणि आबा पुढे हात दाखवून टेम्पोला भलत्याच गल्लीत घालताहेत. दुसऱ्यात पूर आलाय, तापी बमरोलीपर्यंत चढलीय, बायका एकमेकींना पत्र्यावर ओढून घेताहेत, आणि आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून पुरुषांची नावं पुकारताहेत. कुणी ओ देत नाही. ते चित्र शाळेत नेलं तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “बेन, आ दादा कोने बोलावे छे?” मी सांगितलं, त्यांनाही माहीत नाही. एका चित्रात देवदूत आमच्या गल्लीत दिवे लावायला उतरलेत आणि आबा त्यांच्याकडे ओळखपत्र मागताहेत. त्यांचं नाक मला डोळे मिटून येतं. खालचा ओठ जरा पुढे, डाव्या भुवईत केस नाहीत अशी बारीक रेघ. इतकं त्यांच्या बायकोनेही त्यांना पाहिलं नसेल. रागाने माणूस जितकं निरखून बघतो तितकं प्रेमानेही बघत नाही, निदान मला तरी तसाच अनुभव आहे.

गेल्या हिवाळ्यात शहरात माझं प्रदर्शन झालं, पहिलंच मोठं. मधल्या भिंतीवर नऊ फुटी चित्र होतं, बमरोलीचा शेवटचा दिवस. एकोणिसाव्या वर्षी पुसलेलं सगळं पुन्हा काढलं होतं, आणखी शंभरएक माणसं घालून. आबा त्यातही आहेत. सगळे उठून उभे राहिलेत, आबा कमरेपर्यंतच वर आलेत, आणि हात द्यायला वाकलेली बाई त्यांना बाई म्हणून चालेना. मी वर्षानुवर्षं या दिवसाची वाट बघत होते. सगळे भाऊबंद टेम्पो करून आले. एकेका चित्रात आबा सापडले की हसण्याची लाट. मी दाराशी उभी राहून आबांच्या तोंडाकडे बघत होते, आता पडेल, मग पडेल.

आणि आबांनी काय करावं? आबा खूश झाले. अहो, खरंच खूश. प्रत्येक चित्रापुढे उभं राहून सुनेकडून फोटो काढून घेतले. पांडेसऱ्यापासून लिंबायतपर्यंत जो भेटेल त्याला सांगत सुटले, पुतणीने मला अकरा चित्रांत घेतलंय, कमरेएवढा पुरलाय एका ठिकाणी, जाऊन बघा. माझ्या सुडाची अशी माती झाली. इंग्लंडवाल्याच्या कारभाऱ्यालाही मनातून बरंच वाटत असेल का, असा एक दुष्ट विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला. पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नाही.

गेल्या रविवारी कानबाई बसली. नानांचे गुडघे गेलेत, आम्ही हल्ली राहतो त्या कोसाडहून बमरोलीपर्यंत त्यांना बसने नेणं होत नाही. त्यांची मूठ आता आबाच टाकतात. मी एकटी गेले. जुन्या खोलीच्या जागी दुमजली घर आहे, कानबाईमागे आता टाइल्स आहेत, त्यांना चुना लागत नाही आणि त्यांच्यावर रंगही धरत नाही. आबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पाया पडले, पडावं लागतं. त्यांनी मला शेजारी बसवलं, मोबाइलवर ते नऊ फुटी चित्र उघडून बोटांनी मोठं केलं, एकेक माणूस ओळखून दाखवला. मग मोबाइल मांडीवर ठेवला आणि अगदी सहज विचारलं, “मी त सगळास्मा शे. तुना बाप कोठे शे?”

मी पाणी आणायला म्हणून उठले.

आता खरं लिहिते. भिंत आबांनी पुसली असं मी इतकी वर्षं सांगत आले. वरती लिहितानाही तुमची तशीच समजूत होऊ दिली. आबांनी फक्त सांगितलं. त्या दिवशी फुलं घेऊन गल्लीत शिरले तेव्हा नाना नळावर हात धूत होते. कोपरापर्यंत चुना होता. कपाळावर एक थेंब वाळून पांढरा झाला होता. मला बघून ते थांबले नाहीत, नखांतला चुना काढत राहिले. मग मी आत गेले आणि भिंत पाहिली. ज्या माणसाने तीळ दाखवला होता त्यानेच त्यावरून कुंचला फिरवला होता, आणि कुणी त्याचा हात धरून फिरवून घेतला नव्हता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

आबांवर राग धरणं सोपं होतं. ते दुसऱ्या घरात राहायचे, जाडजूड होते, हुकूम सोडायचे, चित्रात शोभायचे. नाना घरात होते. मी लग्न केलं नाही, तेही एकटे राहिले, आम्ही दोघं एका छपराखाली. ज्याच्यासमोर रोज ताट घेऊन बसायचं, ज्याच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, त्याच्याशी वैर कसं करणार? मी नाही केलं. त्यांना कधी उलटून बोलले नाही, काही कमी पडू दिलं नाही. त्यांना काढलं नाही, इतकंच. एकाही चित्रात नाही. गर्दीत नाही, पाठमोरे नाहीत, लूमच्या आडून दिसणारा एखादा हात, तोही नाही. इंग्लंडवाल्याने आयुष्यभर डूख धरला, पण गाळलं कुणालाच नाही. मी त्याच्या पुढे गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी नानाही आले होते. आबांच्या गोंगाटात कुणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं. नाना त्या मोठ्या चित्राच्या डाव्या टोकाला उभे राहिले आणि एकेका चेहऱ्यापुढे बोट नेत हळूहळू उजवीकडे सरकत गेले. मायपाशी थांबले, कानाजवळ वाकून पाहिलं. पुढे गेले. उजव्या टोकाला पोचले, मग वरची ओळ, मग खालची. तिथल्या रखवालदाराने हात लावू नका म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी बोट खिशात घातलं. माझ्याकडे येऊन म्हणाले, “चांगलं शे.” आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. इतकं बरं मला आबांच्या अकरा चित्रांनी मिळून वाटलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मी कोसाडला परतले. नाना जागेच होते, दिवेलागणीचीच वेळ होती. नानांच्या वाटणीचा रोट त्यांच्यासमोर ठेवला. आबा काय म्हणाले, विचारलं त्यांनी. एरवी मी काहीतरी गुळमुळीत सांगितलं असतं. श्रावण होता, अंगात तोच कली होता. आबांनी विचारलं ते जसंच्या तसं सांगितलं.

नानांनी रोटाचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाले, “भिंत मीच पुशी व्हती. तुले माहीत शे.”

मी म्हटलं, माहीत आहे.

 मला वाटलं, संपलं. मग तुकडा ताटात ठेवून, माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “मंग एक डाव काढ माले. पुसाले तरी काढ.”

मी ताट उचलून आत गेले.

या गोष्टीला आठवडा झाला. पुढच्या खोलीत मी एक नवा कॅनव्हास ताणून ठेवलाय, अजून कोराच आहे. नानांनी आपली खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली आहे. रोज सकाळी आंघोळ, दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते तिथे येऊन बसतात, चेहरा उजेडाकडे करून. मी डबा भरते आणि शाळेत निघून जाते.